जावा-जावांचं पटेना : टोकन लावूनही डिजिटल सही होत नाही तेव्हा

मार्चचा शेवटचा पंधरवडा आला की आमच्या दुकानात एकाच तऱ्हेची माणसं येतात. खांद्याला लॅपटॉपची बॅग, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेलं डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं यंत्र, ज्यात सहीचं सर्टिफिकेट आणि गुप्त किल्ली असते), आणि तोंडात एकच वाक्य : "काल तर चालत होतं हो!" गाळा पंचायत समितीच्या समोर असल्यामुळे रस्त्याचे, पाण्याच्या टाकीचे, शाळाखोल्यांचे ठेकेदार आधी माझ्याकडेच वळतात. टेंडर भरायची मुदत पाचला संपत असते, घड्याळात पावणेचार झालेले असतात आणि पोर्टल टोकन ओळखायला तयार नसतं.

हा बिघाड मी इतक्यांदा काढलाय की आता लॅपटॉप उघडायच्या आधीच अंदाज येतो. टोकन क्वचितच खराब निघतं. सहीचा प्रोग्राम जावा नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामच्या आधारानं चालतो. बहुतेक वेळा मशीनमध्ये दोन-तीन जावा नांदत असतात आणि त्यांचं आपसात पटत नसतं. हाक एकीला मारली की ओ दुसरीच देते. सहीचा प्रोग्राम जुन्या जावाच्या भरवशावर लिहिलेला असतो, विंडोज त्याच्यासमोर नवी आणून उभी करतं, आणि स्क्रीनवर येतं, 'सर्टिफिकेट सापडलं नाही'.

म्हणून माझ्याकडे एक नियम आहे : कोणती जावा ओ देतेय हे कळेपर्यंत नवीन काहीही टाकायचं नाही. लोक नेमके इथंच घसरतात. सही होईना म्हणून आणखी एक जावा उतरवून घेतात. घरात आधीच तिघींची भांडणं, त्यात चौथी आणायची!

खालचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. ई-टेंडर, जीएसटी, कंपनीचे फॉर्म, काहीही असो, जिथं टोकन आणि जावा दोन्ही लागतात तिथं हे लागू पडतं.

लक्षणं

आधी आपलं दुखणं यातलं कोणतं, ते ओळखा. सगळ्यांवर एक औषध नाही.

पहिलं आणि सगळ्यात जास्त दिसणारं : टोकनचा दिवा लागतो, टोकनच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये नाव दिसतं, पण पोर्टलच्या सहीच्या खिडकीत यादी रिकामी. इथं बहुधा ३२-बिट आणि ६४-बिट या प्रोग्रामच्या दोन जातींचा घोळ असतो, नाहीतर चुकीची जावा पुढे आलेली असते.

दुसरं : बटण दाबलं की काहीच होत नाही. चूकसुद्धा दाखवत नाही. सहीचा छोटा प्रोग्राम मागे चालूच नसतो, किंवा त्याची जागा दुसऱ्याच प्रोग्रामनं अडवलेली असते.

तिसरं : 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' असं लांबलचक इंग्रजी आणि शेवटी ५५ किंवा ६१ सारखे आकडे. हे दिसलं की मला बरं वाटतं. बिघाडानं स्वतःहून पत्ता सांगितलेला असतो.

चौथं : सहीचा प्रोग्राम जार फाइलच्या (जावाचा प्रोग्राम बांधून दिलेल्या फाइलच्या) रूपात मिळालाय, त्यावर डबल क्लिक केलं की झिप फाइली उघडणारं विनरार उघडतं आणि आत फोल्डरांची रांग दिसते.

पाचवं : एका पोर्टलवर सही होते, दुसऱ्यावर होत नाही. म्हणजे टोकन ठणठणीत आहे. टोकनवर वेळ घालवू नका.

फुकटातले उपाय, आधी हेच

मशीन रीस्टार्ट करा. 'मी आत्ताच बंद करून चालू केलाय' असं सांगणाऱ्यालाही मी रीस्टार्टच करायला लावतो, कारण दोन्हीत फरक आहे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असली की 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. अडकलेला ड्रायव्हर, म्हणजे टोकनसारख्या यंत्राशी विंडोजचं बोलणं करून देणारा प्रोग्राम, तसाच अडकलेला राहतो. 'रीस्टार्ट' केल्यावर सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

टोकन थेट लॅपटॉपला लावा, चार तोंडांच्या हबला नाही. आणि एका वेळी एकच. बापाचं आणि मुलाचं अशी दोन टोकनं लावून बसलेले लोक मी पाहिलेत. प्रोग्राम एक उचलतो, पिन दुसऱ्याचा टाकला जातो.

तारीख आणि वेळ बघा. हसू नका. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२, संपली की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग सर्टिफिकेट 'अजून सुरूच झालेलं नाही' असं मशीनला वाटतं आणि पोर्टलसुद्धा सुरक्षित नाही अशी बोंब मारतं. घड्याळजीच्या दुकानातली बॅटरी चालते.

आता टोकनचा स्वतःचा प्रोग्राम उघडा आणि सर्टिफिकेटची मुदत वाचा. सर्टिफिकेट एक, दोन किंवा तीन वर्षांचं असतं, आणि संपायची तारीख कुणाच्याच लक्षात नसते. ई-टेंडरसाठीच्या टोकनवर बहुधा दोन सर्टिफिकेटं असतात, एक सहीचं आणि एक एन्क्रिप्शनचं, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याचं. नाव एकच असल्यामुळे घाईत एन्क्रिप्शनचं निवडलं जातं आणि सही नाकारली जाते. सर्टिफिकेट उघडून 'की यूसेज' ही ओळ वाचली की कोणतं कुठलं ते कळतं. कुणाकडे अजून क्लास २ लिहिलेलं जुनं टोकन असेल तर त्याचा नाद सोडा. क्लास २ देणं १ जानेवारी २०२१ पासून बंद झालंय, आता क्लास ३ च मिळतं.

इथं पहिली लाल रेघ आहे. पिन आठवत नसेल तर अंदाजे टाकत बसू नका. ठरावीक चुका झाल्या की टोकन कुलूपबंद होतं. त्याच प्रोग्राममध्ये 'इनिशियलाइझ' नावाचं बटण असतं, त्याला तर हातच लावू नका. ते टोकन धुऊन कोरं करतं. आतली गुप्त किल्ली टोकनबाहेर येतच नाही, त्यामुळे तिची प्रत कुणाकडेही नसते. मग नवीन सर्टिफिकेट, नवा खर्च, ओळख पटवायचा नवा व्हिडिओ, आणि टेंडर गेलं ते गेलंच.

घरात जावा किती आहेत

इथून खरं काम सुरू. कंट्रोल पॅनलमधलं 'प्रोग्राम्स अँड फीचर्स' उघडा आणि 'इन्स्टॉल्ड ऑन' या रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारा. सगळ्यात नवीन नोंद वर येईल. सेटिंग्जमधल्या यादीपेक्षा मला ही जुनी यादी आवडते. आवृत्ती आणि तारीख एका ओळीत दिसते.

नावं नीट वाचा. 'जावा ८ अपडेट' आणि पुढे आकडा, एवढंच असेल तर ती ३२-बिट. त्याच ओळीत कंसात ६४-बिट असेल तर ६४. जेडीके म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीची मोठी जावा. टेम्युरिन किंवा ओपनजेडीके असं नाव असेल तर तीही जावाच, फक्त माहेर वेगळं.

गेल्या वर्षी एक अण्णा आले होते. पूर्वी ग्रामपंचायतीची कामं करायचे, आता जिल्हा परिषदेची करतात.

"अण्णा, परवापासून काही नवीन टाकलंय का यात?"

"छे! हातसुद्धा लावला नाही."

यादी लावली. वरच जेडीके १७, तारीख रविवारची.

"रविवारी घरी कोण होतं?"

अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, "भाचा आला होता पुण्याहून."

भाच्यानं माइनक्राफ्ट या खेळाची मॉडं, म्हणजे जादा जोडण्या, टाकण्यासाठी जावा बसवली होती. पोराची काही चूक नव्हती. माइनक्राफ्टच्या १.१८ आवृत्तीपासून जावा १७ किंवा तिच्यापुढची लागते, आणि मॉड बसवणाऱ्या जार फाइलीला मशीनवरची जावाच हवी असते. पण इन्स्टॉलरनं आपला फोल्डर सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवला आणि अण्णांची जुनी जावा ८ मागच्या दारात गेली.

नवी आवृत्ती आली तर बिघडतं का, असा प्रश्न पडेल. यात अशी गोम आहे : जावा ९ मध्ये टोकनशी बोलण्याच्या आतल्या व्यवस्थेची मांडणी बदलली. त्याआधी लिहिलेले सहीचे प्रोग्राम टोकन जोडून घ्यायला जो दरवाजा वापरत होते तो पुढच्या आवृत्त्यांत त्याच जागी राहिला नाही. प्रोग्राम सुरू होतो, खिडकी येते, आणि टोकनकडे जायची वेळ आली की गप्प बसतो. जावा ११ मध्ये तर जावा वेब स्टार्टच काढून टाकलं, म्हणजे पोर्टलवरून उतरणाऱ्या जेएनएलपी फाइली उघडणारा प्रोग्रामच त्यात नाही. नवी म्हणजे चांगली, हे मोबाइलच्या ॲपला खरं असेल. इथं पोर्टलच्या सूचनापत्रकात जी आवृत्ती लिहिलीय तीच चांगली.

ओ कोण देतं

यादीत किती दिसतात आणि प्रत्यक्षात कोणती चालते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. इंग्रजी लहान लिपीत जावा लिहा, एक जागा सोडा, वजा चिन्ह टाइप करून त्याला चिकटून व्हर्जन लिहा आणि एंटर दाबा.

तीन ओळी येतील. पहिलीत आकडा. १.८ नं सुरू झाला तर ती जावा ८ आहे, जावा १ नव्हे. या जुन्या आकडेपद्धतीनं भलेभले फसतात. सरळ ११, १७, २१ असेल तर तीच आवृत्ती. तिसऱ्या ओळीत ६४-बिट हे शब्द आहेत का बघा. असतील तर ६४, ते शब्दच नसतील तर ३२.

त्याच खिडकीत आता इंग्रजीत व्हेअर, जागा, जावा असं लिहा. मशीन ज्या क्रमानं जावा शोधतं त्या क्रमानं पत्ते येतील. सगळ्यात वरचा पत्ता जिंकतो, खालचे असून नसल्यासारखे. 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' असं येत असेल तर त्यातल्या आकड्यातून ४४ वजा करा. ५२ म्हणजे ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७. त्या चुकीत दोन आकडे असतात : मोठा म्हणजे प्रोग्रामला हवी असलेली जावा, छोटा म्हणजे ओ देणारी. हे गणित मी दुकानातल्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय.

क्रम बदलायचा असेल तर सिस्टीमच्या 'ॲडव्हान्स्ड' मधून 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' उघडा. पाथ म्हणजे मशीन प्रोग्राम ज्या फोल्डरांत शोधतं त्यांची यादी. खिडकी दोन भागांत असते, वर वापरणाऱ्याचा पाथ, खाली सिस्टीमचा. लोक वरच्या भागात खटपट करत बसतात. विंडोज आधी सिस्टीमचा पाथ वाचतं आणि मग वापरणाऱ्याचा, त्यामुळे वर काहीही केलं तरी खालचाच पुढे राहतो. खालच्या भागातला पाथ उघडा, हवी ती ओळ निवडून 'मूव्ह अप' करत सगळ्यात वर न्या. तिथंच जावा होम नावाची वेगळी नोंद आहे का बघा. काही सहीचे प्रोग्राम पाथकडे ढुंकूनही बघत नाहीत, थेट जावा होम विचारतात, आणि तिथं दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या जावाचा पत्ता तसाच पडलेला असतो. बदल केल्यावर काळी खिडकी बंद करून नवीन उघडा. जुन्या खिडकीला बदल कळत नाही.

अण्णांचं काम इथंच झालं. एक ओळ वर नेली, रीस्टार्ट, सही. भाच्याची जावा काढलीसुद्धा नाही, फक्त खाली बसवली.

३२ की ६४

क्रम बरोबर, आवृत्ती बरोबर, तरी यादी रिकामी. मग हा भाग वाचा.

टोकनसोबत जो ड्रायव्हर बसतो त्यात एक डीएलएल फाइल असते. सहीचा प्रोग्राम तीच फाइल आपल्या पोटात घेऊन टोकनशी बोलतो. ३२-बिट प्रोग्रामला ६४-बिट डीएलएल पोटात घेता येत नाही, आणि उलटही नाही. विंडोजचा हा कडक नियम आहे, त्याला पळवाट नाही. म्हणून जावा आणि डीएलएल एकाच जातीची हवी.

आता गंमत बघा. ६४-बिट विंडोजमध्ये ६४-बिट डीएलएल 'सिस्टीम३२' नावाच्या फोल्डरात असतात, आणि ३२-बिट डीएलएल 'सिसवाव६४' नावाच्या फोल्डरात. नावं अगदी उलटी वाटतात, पण तसंच आहे. पोर्टलच्या सेटिंगमध्ये डीएलएलचा पत्ता हातानं द्यायची वेळ आली की माणूस नाव वाचून चुकीचा फोल्डर निवडतो. मीसुद्धा पहिल्या वर्षी दोन दिवस यात घालवलेत.

जुन्या सूचनापत्रकांत '३२-बिट जावाच टाका' असं ठासून लिहिलेलं असतं. त्यालाही कारण होतं. विंडोजवरच्या ६४-बिट जावाला टोकनशी बोलायची सोय जावा ८ मध्ये, म्हणजे २०१४ मध्ये मिळाली. त्याआधी ३२ शिवाय इलाज नव्हता. सूचनापत्रक तेव्हाचं, आणि ड्रायव्हर आजचा. ड्रायव्हर नवा असेल तर तो बहुधा दोन्ही डीएलएल बसवतो, पण एकदा दोन्ही फोल्डरांत बघून घ्या.

सहीचा प्रोग्राम चालू असताना तो कोणत्या जातीचा आहे हे टास्क मॅनेजरमध्ये दिसतं. 'डिटेल्स' मध्ये जा, रकान्याच्या नावावर उजवी टिचकी मारून 'सिलेक्ट कॉलम्स' मधून 'प्लॅटफॉर्म' निवडा. जावाच्या ओळीसमोर ३२ किंवा ६४ लिहून येईल. अंदाज बांधण्यापेक्षा हे बरं.

दोन सहीचे प्रोग्राम, एकच दार

पूर्वी ब्राउझरच जावा चालवायचा. क्रोमनं २०१५ मध्ये तो दरवाजा बंद केला, फायरफॉक्सनं २०१७ मध्ये, आणि इंटरनेट एक्स्प्लोरर २०२२ च्या जूनमध्ये निवृत्त झाला. त्यामुळे बरीच पोर्टलं आता एक छोटा प्रोग्राम मशीनवर बसवायला लावतात. तो मागे बसून एका ठरलेल्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या आतल्या नंबर दिलेल्या दारावर, कान देतो आणि ब्राउझर त्याच्याशी बोलतो.

एका पोर्टचं दार एका वेळी एकालाच मिळतं. दोन पोर्टलांचे दोन प्रोग्राम विंडोज सुरू होतानाच उठायला लावले आणि दोघांचं दार एकच निघालं, तर जो आधी उठला त्याचं राज्य. म्हणून 'कधी चालतं, कधी नाही' असा खेळ होतो. स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधा, 'नेटवर्क' मध्ये जा, 'लिसनिंग पोर्ट्स' उघडा. पोर्टलच्या सूचनापत्रकात जो पोर्ट लिहिलाय त्याच्यासमोर कोणाचं नाव आहे ते वाचा. परका निघाला तर टास्क मॅनेजरमधून बंद करा आणि 'स्टार्टअप' मधून दोघांनाही काढा. ज्याचं काम असेल त्याला हातानं उठवायचं.

ऑफिसात एका मशीनवर दोघं काम करत असतील तर आणखी एक फट आहे. सकाळी क्लार्कनं स्वतःच्या नावानं लॉगिन केलं, दुपारी साहेबांनी 'स्विच यूजर' करून स्वतःचं उघडलं. क्लार्कचा सहीचा प्रोग्राम पडद्यामागे चालूच आहे आणि दार त्याच्याकडे आहे. 'साइन आउट' करायला लावा.

अँटीव्हायरसही कधी कधी मध्ये येतो. त्याला या प्रोग्रामची सूट द्या. अख्खा अँटीव्हायरस बंद करून बसू नका.

जार फाइल विनरारमध्ये उघडत असेल तर उजवी टिचकी, 'ओपन विथ', आणि यादीत 'जावा प्लॅटफॉर्म एसई बायनरी' दिसेल ते निवडा. फोल्डरात शिरून जावाची फाइल हातानं दाखवली तर बहुधा चालत नाही, कारण 'ही जार आहे' असं जावाला सांगणारा शब्द त्या रस्त्यानं जात नाही. यादीत नाव नसेल तर जावा ८ काढून पुन्हा बसवली की जोडणी जागेवर येते.

सगळं उपसून पुन्हा मांडणं

इथपर्यंत येऊनही जमलं नाही तर उपसावं लागतं. पण मुदतीच्या दिवशी हे करू नका. दीड-दोन तास जातात आणि मध्ये काही अडकलं तर पंचाईत. मुदत आज असेल तर टोकन घेऊन ज्याच्या मशीनवर सही होते त्याच्याकडे जा, टेंडर भरा, मग घरी येऊन निवांत उपसा.

आधी विचारा की जावा आणखी कुणाला लागते. पतसंस्थेचं जुनं सॉफ्टवेअर, मुलीचा कॉलेजचा प्रोजेक्ट, लिब्रेऑफिसमधलं बेस, कुणीही असू शकतं. मी एकदा न विचारता जावा उडवली आणि दुसऱ्या दिवशी त्याच ऑफिसातली पगारपत्रकं निघेनात. तेव्हापासून यादीचा मोबाइलवर फोटो काढल्याशिवाय एकही ओळ काढत नाही. सिस्टीमचा रिस्टोर पॉइंटसुद्धा करून ठेवा, म्हणजे बिघडलं तर मागच्या स्थितीत परत जाता येतं.

काढायचा क्रम : सहीचा प्रोग्राम, मग टोकनचा ड्रायव्हर, मग सगळ्या जावा. दोन कंपन्यांच्या टोकनांचे ड्रायव्हर असतील तर जे टोकन आता वापरात नाही त्याचा आधी काढा. रीस्टार्ट. पाथ आणि जावा होममध्ये मागे राहिलेल्या नोंदी पुसा. मग टाकायचा क्रम उलटा : पोर्टलनं सांगितलेली एकच जावा, मग ड्रायव्हर, टोकन न लावता. मग रीस्टार्ट, टोकन, त्याच्या प्रोग्राममध्ये नाव दिसतंय का बघणं, आणि शेवटी सहीचा प्रोग्राम. प्रत्येक पायरीनंतर तपासा. सगळं एकदम टाकलं तर कुठे मोडलं ते कळत नाही.

दुसरी जावा लागणारच असेल तर ती इन्स्टॉलरनं बसवू नका. झिपमधली घ्या, वेगळ्या फोल्डरात उघडा, आणि एका बॅच फाइलीत (डबल क्लिक केलं की आतल्या आज्ञा चालवणाऱ्या साध्या फाइलीत) तिचा पूर्ण पत्ता लिहून त्या प्रोग्रामला तिथूनच चालवा. पाथला हात लागत नाही, दोघींचं स्वयंपाकघर वेगळं. भाच्यालाही मी पुढच्या खेपेला हेच करून दिलं.

एक व्यवहाराची गोष्ट. एप्रिल २०१९ पासून ओरॅकलच्या जावा ८ चे नवे अपडेट घरगुती वापराला फुकट आहेत, धंद्याच्या वापराला परवाना लागतो. टेम्युरिनसारख्या ओपनजेडीके जावा धंद्यालाही फुकट आहेत, पण त्यांच्यात वेब स्टार्ट नाही. पोर्टल जेएनएलपी मागत असेल तर हे आधी लक्षात घ्या.

जावाचा स्वयंचलित अपडेट मुदतीच्या आठवड्यात मी बंद ठेवतो, मुदत झाली की हातानं करतो. कायमचा बंद ठेवणं मात्र धोक्याचं आहे, जुन्या जावात सुरक्षेची भोकं असतात.

कुठे थांबायचं

टोकन दुसऱ्या दोन मशीनवरही दिसत नसेल तर ते टोकन गेलंय. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन करा, मशीनमध्ये आणखी खोदू नका.

पिन कुलूपबंद झाला असेल तरी तेच. यूट्यूब बघून उघडायला गेलात तर बहुधा तुम्ही ते कोरं करून ठेवाल.

दोन वेगळ्या मशीनवर, दोन वेगळ्या लोकांच्या टोकनांना एकच चूक येत असेल तर बिघाड पोर्टलकडे आहे. स्क्रीनचा फोटो काढा, त्यात घड्याळातली वेळ दिसू द्या, आणि मुदत संपायच्या आत पोर्टलच्या मदत कक्षाला आणि टेंडर काढणाऱ्या ऑफिसला ईमेल करा. नंतर तोंडी सांगून उपयोग होत नाही.

मशीन सरकारी ऑफिसचं किंवा मोठ्या कंपनीचं असेल आणि काहीही टाकताना ॲडमिनचा पासवर्ड मागत असेल तर त्यांच्या आयटीवाल्यालाच बोलवा. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची वही) साफ करणारे फुकटचे प्रोग्राम तर कुठंच वापरू नका. त्यांनी बिघडवलेली मशीनं दुरुस्त करण्यापेक्षा नवीन विंडोज टाकणं मला स्वस्त पडतं.

आणि कुणी फोनवरून एनीडेस्क (दुरून तुमचं मशीन चालवू देणारा प्रोग्राम) घ्यायला लावून टोकनचा पिन विचारत असेल तर फोन ठेवा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे ही सही म्हणजे तुमचीच सही, आणि किल्ली सांभाळायची जबाबदारीही तुमचीच. टोकन लावलेल्या मशीनवर परक्याला पिन देणं म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उठवून देणं. मी दुकानात समोर बसलेला असतो, तरी मलाही सांगायचा नाही. पिन टाकायची वेळ आली की मी खुर्ची फिरवून रस्त्याकडे बघत बसतो. अण्णांना सुरुवातीला ते अपमानासारखं वाटलं होतं. आता ते स्वतःच म्हणतात, "वळ रे तिकडे."